बिनकाठीची बानाबाई

खुलताबादच्या डोंगरावर मेंढरं राखणाऱ्या बानाबाईच्या हातात काठी नसते, हा त्या अंगाला चेष्टेचा विषय झाला होता. धनगराची बाई आणि हात मोकळे. बाजाराच्या दिवशी बाया पदराआड हसायच्या, आणि धाकटा दीर सोनाजी तर तोंडावर म्हणायचा की वैनीनं आता मेंढरं सोडावीत आन् माळ ओढत बसावं. बानाबाई मेंढरं हाकत पुढं जायची. काठी तिनं आपल्या हातानं नवऱ्याच्या, केरबाच्या, हवाली केली होती. का केली ते तिला ठाऊक होतं आणि मुंगीला ठाऊक होतं.

मुंगी म्हणजे तिची कुत्री. पाच पिल्लांच्या वेतात सगळ्यांत शेवटी आलेली, ओंजळीत मावेल एवढी, म्हणून केरबानं तिला मुंगी म्हटलं. पुढं ती अशी वाढली की तिला लांबून बघूनच लांडगा वाट बदलायचा, पण नाव पडलं ते पडलंच. रंग काळपट तांबूस, छातीवर मुठीएवढा पांढरा डाग, डावा कान कोल्ह्यानं फाडलेला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. बानाबाईच्या टाचेला टाच लावून हिंडता हिंडता ती शिकली. पाच वर्षांत दोघींचं असं जमून गेलं होतं की बानाबाईनं नुसती मान वळवली तरी मुंगी कळपाच्या त्या अंगाला धावायची.

दर साली संक्रांतीच्या सुमारास ही मंडळी डोंगर उतरून पैठणच्या अंगाला, गोदावरीकडं निघायची. तिकडं कापसाची रानं मोकळी झालेली असायची. शेतकरी मेंढरं बसवायला बोलवायचे. त्यांच्या रानाला खत, यांच्या मेंढरांना चारा. वाट केरबाच्या आज्यापासून ठरलेली. दौलताबाद, शरणापूर, तिसगावचा माळ, आणि वाळूजच्या बाजूनं खाली.

मग त्या माळावर कारखाने आले. आधी मोजणीचे दगड आले, मग काटेरी तार, मग भिंती. दर साली माळ वीतभर अरुंद व्हायचा आणि दर साली केरबा म्हणायचा की अजून वाट हाय, अजून निघतंय. ज्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसायची त्यांची पोरं आता खाकी कपडे घालून कारखान्याच्या फाटकावर रांगेत उभी दिसायची, आणि ओळख ठेवून हात करायची.

त्र्याण्णवच्या जानेवारीत कारखान्यांच्या भिंती आणि हमरस्ता यांच्यामध्ये जेमतेम बैलगाडीएवढी पट्टी उरली होती. त्या पट्टीतून कळप चालला असताना मुंगी पुढं गेली, थबकली, आणि मागं वळून कळपाला आडवी उभी राहिली. हलेना. म्होरक्या शेळीच्या तोंडावर भुंकून तिनं तिला मागं रेटलं. बानाबाईनं हाक मारली, मुंगीनं ऐकलं नाही. दुसरी हाक मारली, तिसरी मारली. मागून मेंढरं एकमेकांवर चढू लागली, रस्त्यावरचे ट्रक भोंगे वाजवू लागले, सोनाजी मागून ओरडू लागला की कुत्री पिसाळली काय. बानाबाईच्या डोक्यात राग चढला. पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं काठी उगारली आणि मुंगीच्या पाठीवर घातली.

मुंगी केकाटली नाही. तिनं एकदा बानाबाईकडं बघितलं आणि बाजूला झाली.

कळप दोनशे पावलंही गेला नसेल. भिंतीपलीकडं नव्या कारखान्याच्या पायासाठी खडक फोडत होते. लाल निशाण घेऊन जो माणूस पट्टीच्या तोंडाशी उभा राहायचा, तो तिथं नव्हता. आतली शिट्टी माणसांच्या कानाला आली नव्हती. मुंगीच्या कानाला आली होती. सुरुंग उडाला, भिंतीवरून दगडं आली, आणि कळप फुटून सरळ हमरस्त्यावर गेला. लोखंड भरलेला ट्रक येत होता. केरबा हात पसरून त्याच्या आडवा धावला. नऊ मेंढरं गेली. केरबा जगला, पण त्याच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. आणि मुंगी त्या धुळीत कुठं गेली ते कुणाला दिसलं नाही.

सरकारी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर केरबानं आधी मेंढरं विचारली आणि मग मुंगी विचारली. बानाबाईनं त्याला सगळं सांगितलं, काठीचंही सांगितलं.

“तिनं सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “आपुन ऐकलं नाय.”

त्यानं रागानं म्हटलं असतं तर बानाबाईला सोपं गेलं असतं.

महिना उलटून गेल्यावर मुंगी दिसली. त्या साली सगळी मागं फिरून खुलताबादलाच आली होती. सकाळी बानाबाई मेंढरं सोडत होती, तर समोरच्या बांधावर ती उभी. पोट पाठीला लागलेलं, एका पायानं लंगडत. तिनं हाक मारली तशी मुंगी दहा पावलं मागं सरली. बानाबाई पुढं गेली, ती आणखी मागं गेली. सोनाजी म्हणाला, पळालेलं कुत्रं आन् फुटलेलं मडकं, दोन्ही घरात घेऊ नये. बानाबाईला मात्र कळलं की मुंगी तिच्या हातातल्या काठीकडं बघते आहे. ती घरी गेली, काठी केरबाच्या खाटेपाशी ठेवली आणि म्हणाली, आता ही तुमाला टेकायला होईल. त्या दिवसापासून ती मोकळ्या हातानं रानात जाऊ लागली.

कुत्र्याचा विश्वास मोडायला एक क्षण लागतो. परत मिळवायला बानाबाईला सहा महिने लागले. ती हाक मारायची नाही. दुपारी मुंगीकडं पाठ करून बसायची आणि दुधात भिजवलेली भाकर मागं एका दगडावर ठेवायची. पहिले काही दिवस भाकर कावळ्यांनी खाल्ली. मग एक दिवस मागं चबचब आवाज आला. बानाबाईनं मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दगड हातभर जवळ घेतला. असा हातहात करत उन्हाळा गेला, पाऊसकाळ लागला. मुंगी आता कळपाच्या कडेनं चालायची, लांडग्याला हुसकायची, पण बानाबाईच्या हाताच्या टप्प्यात कधी यायची नाही. श्रावणात बानाबाईला हिवताप भरला. ती लिंबाखाली घोंगडीत कुडकुडत पडली होती. डोळा उघडला तेव्हा पायावर काहीतरी जड आणि ऊबदार होतं. मुंगीनं आपला जबडा तिच्या पावलावर टेकला होता. बानाबाईनं हात लावला नाही. तशीच पडून राहिली आणि रडली, तेही आवाज न करता, कारण मुंगी उठून जाईल अशी धास्ती होती.

पुढच्या साली निघायची वेळ आली तेव्हा खबर कळली की तिसगावची ती पट्टीसुद्धा भिंतीत गेली. आता पैठणला जायचं तर एकच मार्ग होता, भर औरंगाबाद शहरातून. केरबाला एवढं चालवत नव्हतं. बिऱ्हाड, बायका-पोरं घेऊन तो टेंपोनं पुढं चितेगावला जाऊन थांबणार होता. कळप न्यायचा तो बानाबाईनं आणि सोनाजीनं. एकशे बारा मेंढरं, पाच शेळ्या. सोनाजीचं म्हणणं होतं की मुंगीला टेंपोत बांधून न्यावं. शहरात एखादा फटाका वाजला तरी ती गेल्या सालासारखी पळेल आणि कळपही घेऊन जाईल. बानाबाई म्हणाली, ती चालंल. वाद वाढला तेव्हा केरबा मध्ये पडला आणि म्हणाला की कळप कुणाच्या भरवशावर जातोय ते मला ठाऊक हाय. कुणाच्या ते त्यानं सांगितलं नाही.

शहराच्या वेशीवरच्या पडेगावहून तांबडं फुटायच्या आधी निघायचं आणि दुकानं उघडायच्या आत शहर ओलांडायचं, असा बेत होता. पण नगर नाक्यावर पोलिसांचा बंदोबस्त लागला होता. एका हवालदारानं त्यांना रस्त्याच्या कडेला दीड तास उभं केलं. ऊन वर आलं. त्या हवालदाराकडूनच त्यांना कळलं की काल संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचं नामांतर झालं. बाबासाहेबांचं नाव लागलं. आज सगळं शहर रस्त्यावर आहे. कुणी आनंदानं, कुणी रागानं, आणि आम्हाला मात्र पहारा. स्टेशनचा सरळ रस्ता बंद आहे, तुम्ही क्रांती चौकातून उस्मानपुऱ्यात उतरा आणि लवकर निघा, असं सांगून त्यानं त्यांना सोडलं.

विद्यापीठ बानाबाईनं कधी बघितलं नव्हतं. पण नामांतर हा शब्द तिला माहीत होता. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, ती ऐन पंचविशीत असताना, कळप असाच एका गावावरून चालला होता. गावाबाहेरच्या वस्तीत घरांच्या जागी काळी राख होती आणि एक बाई लेकराला काखेत घेऊन राखेत काहीतरी शोधत होती. केरबाचा बाप म्हणाला, खाली बघून चला, आपला त्यात काय संबंध नाय. सगळे खाली बघून चालले. बानाबाईच्या पाठीवर पाण्याची चरवी होती, भरलेली. ती तिनं उतरवली नाही. एवढंच तिला नामांतराचं माहीत होतं, आणि इतकी वर्षं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

क्रांती चौक लांबूनच निळा दिसत होता. निळे झेंडे, निळा गुलाल, हलग्या, ढोल. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या फेर धरून नाचत होत्या. कारखान्यांच्या पाळीवरून थेट आलेली माणसं डबे हातात घेऊनच गर्दीत शिरत होती. बानाबाईनं कळप रस्त्याच्या डाव्या कडेला आवळून घेतला. मुंगी बाहेरच्या अंगानं चालत होती, कान मागं टाकलेले, अंग ताठ. पाठीवरचे केस उभे होते. भीती तिला होतीच. बानाबाई सारखी हळू आवाजात बोलत राहिली, चल माय, चल, आलंच.

अर्धा चौक ओलांडला असेल तोच कुणीतरी फटाक्यांची लांबच लांब लड पेटवली.

कळप फुटला. मोठा घोळका, साठेक मेंढरं, आल्या वाटेनं मागं पळाला. पाचपंचवीस उस्मानपुऱ्याच्या गल्ल्यांत घुसली. मूठभर मेंढरं समोरच्या गर्दीच्या पायांत शिरून पार दिसेनाशी झाली. दहाबारा तेवढी बानाबाईच्या पायाशी गोळा झाली. धूर, आवाज, माणसांची आरडाओरड, सायकली पडल्या, कुठं एक हातगाडी कलंडली आणि बोरं रस्त्यावर सांडली. सोनाजी मागं पळणाऱ्या घोळक्याकडं हात करून ओरडला. बानाबाईनंही तिकडंच हात केला.

“मुंगे, वळीव,” तिनं हाळी दिली. “मागं, वळीव.”

मुंगीनं मागं पळणाऱ्या मेंढरांकडं बघितलं. मग समोर धुराकडं बघितलं. लड अजून तडतडत होती. ती थरथरत होती. बानाबाईला ते इतक्या लांबून दिसलं. आणि मग मुंगी हुकमाच्या उलट, सरळ त्या धुरात, फटाक्यांच्या आणि गर्दीच्या दिशेनं सुटली.

“गेली,” सोनाजी म्हणाला. “म्हटलं नव्हतं तुला?” आणि त्यानं आपली काठी फेकून मारायला खांद्यामागं नेली.

बानाबाईनं ती काठी वरच्या वर धरली. वर्षभर राखलेलं सगळं तिच्या मुठीत आलं होतं. तिला कळत नव्हतं मुंगी तिकडं का गेली. पळून गेली असंही असू शकत होतं. मेंढरं नजरेआड चालली होती, साठ मेंढरं म्हणजे घरचं निम्मं जगणं, आणि लोक तिलाच ओरडत होते की बाई तिकडं पळा, तिकडं बघा. पण मागल्या साली मुंगी अशीच बानाबाईच्या मनाविरुद्ध उभी राहिली होती, आणि तेव्हा मुंगीला कळलेलं माणसांना कळलं नव्हतं.

“भावजी, काठी खाली घ्या,” ती म्हणाली. “तिला काय तरी कळलंय.”

“काय कळलंय?”

“मला ठावं नाय. तिला ठावं हाय.”

आणि पायाशी जी दहाबारा मेंढरं होती ती घेऊन बानाबाई भर क्रांती चौकात, डांबरावर, खाली बसली. सोनाजीला वाटलं वैनीला भोवळ आली. पण तिचा हिशेब साधा होता. मुंगी येणार असली तर आणलेली मेंढरं आणून घालायला तिला जागा पाहिजे. धनीण पळत सुटली तर कुत्र्यानं आणायचं कुणाकडं?

रस्त्यात बसलेली घोंगडीवाली बाई बघून गर्दीतली एक बाई पुढं आली. चाळिशी ओलांडलेली, कपाळभर निळा गुलाल, आवाज नाचून नाचून बसलेला. तिचं नाव भामाबाई. उस्मानपुऱ्यात राहायची, वाळूजच्या एका कारखान्यात झाडलोट करायची. काय झालं ते तिनं विचारलं. बानाबाईनं दोन वाक्यांत सांगितलं: मेंढरं फुटली, कुत्री आणायला गेलीय, आवाज थांबला तर ती आणील. भामाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग ती वळली आणि त्या बसलेल्या आवाजात तिनं जी हाक घातली ती अर्ध्या चौकानं ऐकली. ढोल थांबवा. लड विझवा. गरिबाचं जित्राब हाय.

ढोल थांबले. हलग्या थांबल्या. एका माणसानं पेटत्या लडीवर बादलीभर पाणी ओतलं. एवढ्या मोठ्या चौकात एकाएकी इतकी शांतता झाली की झेंड्यांचं फडफडणं ऐकू येऊ लागलं.

त्या शांततेत घंटी वाजली.

शेवंता नावाची म्हातारी शेळी कळपाची म्होरकी होती. गळ्यात पितळी घंटी. ती घंटी ऐकली की मेंढरं डोळे मिटून मागं चालायची. बानाबाईला आणि सोनाजीला वाटलं होतं शेवंता मोठ्या घोळक्यात मागं पळाली. ती पळाली होती पुढं, गर्दीतून पलीकडं, एका इमारतीच्या आवारात. माणसांनी मेंढरं मोजली आणि जिकडं जास्त तिकडं हात दाखवला. मुंगीनं मोजलं नाही, तिनं घंटी ऐकली. फटाक्यांच्या त्या कडकडाटातही तिच्या फाटक्या कानाला घंटी सापडली होती.

शेवंता गर्दीच्या फटीतून बाहेर आली आणि तिच्या मागच्या पायांशी मुंगी. अंगावर निळा गुलाल, शेपटीचं टोक फटाक्यानं करपलेलं, जीभ बाहेर. भुंकत नव्हती, घाई करत नव्हती. म्हातारीला तिच्या चालीनं चालवत आणत होती. घंटी टणटणत राहिली. उस्मानपुऱ्याच्या गल्लीतून पहिलं मेंढरू ओरडलं. मग दुसरं. मग पलीकडं नगर नाक्याच्या रस्त्याला कुठंतरी लांब साठ गळ्यांनी ओ दिली.

पण मध्ये माणसंच माणसं होती. मेंढरं यायची कुठून? भामाबाईनं शेजारणीचा हात धरला, शेजारणीनं पुढच्या माणसाचा. कुणी हुकूम दिला नाही, तरी बघता बघता माणसांच्या दोन ओळी झाल्या, हातात हात गुंफलेल्या, मागच्या रस्त्यापासून थेट बानाबाईपर्यंत. म्हाताऱ्या उभ्या राहिल्या, कारखान्याचे कामगार डबे खाली ठेवून उभे राहिले, आणि मोर्च्यांत साखळ्या करून लाठ्या झेललेली माणसं मेंढरांसाठी कुंपण होऊन उभी राहिली. मुंगीनं शेवंताला बानाबाईच्या पुढ्यात सोडलं आणि त्या माणसांच्या बोळातून ती मागं गेली. परत आली तेव्हा तिच्या पुढं धुळीचा लोट होता. साठ मेंढरं खाली माना घालून, एकमेकांना घासत, दोन्ही बाजूंच्या माणसांच्या मधून आली. गल्ल्यांतली आणि गर्दीच्या पायांत शिरलेली आपोआप येऊन मिळाली. शेवटचं कोकरू आत आलं तशी दोन्ही ओळी एकदमच बोलल्या, आणि जयभीमचा जो गजर उठला त्यानं मेंढरं परत दचकली. पण आता ती मुंगीच्या कह्यात होती, कुठं गेली नाहीत.

स्टेशन ओलांडून पैठण रस्त्याच्या मोकळ्या जागेवर सोनाजीनं मेंढरं मोजली. एकशे अकरा. पुन्हा मोजली, एकशे अकराच. एक करडी मेंढी कमी होती. आणि मागं वळून बघतात तर मुंगीही नव्हती.

सोनाजी म्हणाला, एका मेंढीपायी थांबायचं नाय, दिवस उतरंल. मग, या वेळी जरा हळू आवाजात, म्हणाला की मुंगी आता येती का नाय कुणाला ठावं. बानाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि ती बाभळीच्या सावलीत बसली. ती येईल, एवढंच म्हणाली. मेंढरं हिरवळ कुरतडत राहिली. दुपार कलली. सोनाजी उठायचा, रस्त्याकडं बघायचा, परत बसायचा. बानाबाई बसूनच होती.

मग शहराकडून एक रिक्षा आली. रिक्षात मागच्या सीटवर करडी मेंढी बसली होती, तिच्या गळ्याभोवती हात घालून भामाबाई, आणि रिक्षाच्या चाकाबरोबर धापा टाकत मुंगी पळत होती.

भामाबाईनं हसत हसत सगळं सांगितलं. ती मेंढी घाबरून उस्मानपुऱ्यातल्या एका दुमजली घराचा जिना चढून थेट गच्चीवर गेली होती. मुंगी जिन्यात आडवी बसली. ती कुणाला वर जाऊ देईना, की वरच्यांना खाली उतरू देईना. वरच्या मजल्यावरचे मास्तर दोन तास शाळेला जायला अडकून पडले. गल्ली गोळा झाली, कुणी दगड उचलला, कुणी पोलिसांना बोलवायला निघालं. भामाबाई घराकडं चालली होती, तिनं ती निळी कुत्री ओळखली.

“म्या नुस्तं म्हटलं, चल, तुझ्या बाईकडं जाऊ,” भामाबाई म्हणाली. “तशी उठली. मला वाट दिली.”

बानाबाईनं मुंगीकडं हात पुढं केला. टप्प्यात. मुंगी आली आणि तिनं आपलं आख्खं डोकं त्या हाताखाली घातलं. मग बानाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, बरोबर जिथं काठी बसली होती तिथं, आणि मुंगी हलली नाही.

भामाबाईनं पदराची गाठ सोडून तिळगूळ काढला. दोघी बाभळीखाली बसल्या. भामाबाईनं बोलता बोलता सांगितलं की अठ्ठ्याहत्तरला त्यांचं गाव सुटलं. अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आली, तेव्हा थोरली लेक काखेत होती. ती लेक आज विद्यापीठाच्या एका कॉलेजात शिकते. काल रात्रभर झोपली नाही पोरगी, सारखी तेच नाव लिहून बघत होती.

बानाबाईचा तिळगूळ हातातच राहिला. तिनं ती राख सांगितली, ती चरवी सांगितली. कुठलं गाव ते तिला आठवत नव्हतं. भामाबाईचं असेल, नसेलही.

“पानी व्हतं माझ्यापाशी,” ती म्हणाली. “म्या दिलं नाय.”

भामाबाईनं बानाबाईचा तिळगूळ धरलेला हात आपल्या हातात घेतला.

“सांगितलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “आज नगं त्ये. आज आमच्या लेकी नाचत्यात. तू पुढल्या साली जाशील तवा माझ्या घरी उतर. मंग पानी बी पिऊ आन् बोलू बी.”

बानाबाई हो म्हणाली, आणि तिळगूळ तोंडात टाकला.

चितेगावला कळप पोचला तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. केरबा रस्त्यावर येऊन उभा होता. दुपारपासून तो तिथंच होता असं मागून कळलं. त्याला पहिली दिसली मुंगी. डोक्यापासून शेपटीपर्यंत निळी, मान वर, कळपाच्या पुढं. केरबानं डोळ्यांवर हात धरून दोनदा बघितलं. ही आपलीच का, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

बानाबाईला बोलायची गरजच पडली नाही. सोनाजी चालता चालताच सुरू झाला होता. धूर कसा होता, लड कशी होती, कुत्री आगीत कशी शिरली आणि माणसांच्या भिंती कशा झाल्या. वैनीनं काठी धरली तेही त्यानं सांगितलं, काहीही न लपवता. पुढं ती गोष्ट त्यानं पैठणपर्यंत प्रत्येक मुक्कामाला सांगितली, आणि दर मुक्कामाला क्रांती चौकातली माणसं हजार दोन हजारांनी वाढत गेली. कुणी हसलं तर तो म्हणायचा, जाऊन इचारा उस्मानपुऱ्यात.

जेवताना केरबानं बायकोला विचारलं की तिला भ्या वाटलं का.

“लई,” ती म्हणाली. “पर तिला बी वाटत व्हतं. ती गेली. मंग म्या बसले.”

मुंगी कळपाभोवती एक फेरी मारून आली आणि दोघांच्या मधोमध पसरली. सोनाजीनं आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून तिच्यापुढं धरली. तिनं वास घेतला, त्याच्याकडं बघितलं, थोडा विचार केला, आणि खाल्ली.